जपानमध्ये घरी इमोरी पाळायचा असेल तर: पाण्याची टाकी, पायरी-पायरीने

टोकियोतल्या एखाद्या मोठ्या होमसेंटरात, म्हणजे घरसामानाच्या मोठ्या दुकानात, माशांच्या विभागात गेलात, की कोपऱ्यातल्या एका छोट्या टाकीपाशी मुलं हमखास थबकतात. काळपट पाठ, लाल-केशरी ठिपक्यांचं पोट, चार इवले पाय, चपटी शेपटी, लांबी साधारण दहा सेंटीमीटर. हा अकाहारा-इमोरी, म्हणजे जपानचा लाल पोटाचा न्यूट (बेडकाच्या नात्यातला, पण शेपटी असलेला उभयचर). होन्शू, शिकोकू आणि क्यूशूमधली भातखाचरं, पाट आणि डबकी हे त्याचं मूळ घर. किंमत बहुतेक दुकानांत हजार येनच्या आसपास असते. शेजारीच छोट्या टाकीचा ‘सेट’ ठेवलेला असतो आणि दोन्ही मिळून एका रविवारी घरी येतं. घोळ तिथेच सुरू होतो.

आपल्या सह्याद्रीत बेडूक भरपूर आहेत, देवगांडूळही आहेत, पण शेपटीवाला उभयचर एकही नाही. त्यामुळे टोकियोतल्या निशी-कासाईत किंवा योकोहामात राहणाऱ्या मराठी घरात इमोरी आला, की कोणी त्याला पालीसारखं वागवतं, तर कोणी माशासारखं. पालीसारखी ऊब दिली तर तो आजारी पडतो. माशासारखी उघडी टाकी दिली तर रात्रीत पसार होतो. प्राणी तसा काटक आहे, वर्षानुवर्षं जगतो. त्याचा जीव जातो तो बहुधा उन्हाळ्यातल्या गरम पाण्याने, उघड्या झाकणाने किंवा घाईत भरलेल्या कच्च्या पाण्याने. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. प्राणी सहाव्या पायरीवर येतो, आधी नाही.

१. आधी स्वतःला विचारा: इथे किती वर्षं आहात?

इमोरी वीस-वीस वर्षं जगतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच जातीच्या इमोरींच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं गेलं. दर वेळी ते नव्याने उगवलं, आणि शेवटी त्या प्राण्यांचं वय ३० वर्षांच्या आसपास होतं. आपल्यातल्या अनेकांचा व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा असतो. हा हिशेब दुकानात उभं राहून होत नाही, घरी बसून करा.

कंपनीने पुढे न्यू जर्सीला पाठवलं तर? इमोरी सोबत नेता येणार नाही. सॅलमँडरांची (शेपटीवाल्या उभयचरांची, न्यूटही त्यांतलेच) कातडी पोखरणारी बुरशी पसरू नये म्हणून अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये २० वंशांतल्या (जीनस) २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली, आणि इमोरीचा वंश त्या यादीत आहे. ही बुरशी आशियातून युरोपात गेली असं मानलं जातं. इथल्या न्यूटांना तिचा फारसा त्रास होत नाही, पण नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर तिने जवळजवळ संपवले. पुण्याला परत जाताना सामानात डबा ठेवून आणण्याचा विचार तर मनातही आणू नका. परवान्याशिवाय जिवंत प्राणी भारतात आणता येत नाही. आणि समजा कागद जमले, तरी पुण्याचा एप्रिल त्याला झेपणार नाही. पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: भारतातला न्यूट दार्जिलिंगच्या बाजूच्या डोंगरांत आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. पाळायला तो मिळत नाही आणि मिळू नये.

तेव्हा ‘आपण गेलो तर कोण सांभाळेल’ याचं उत्तर आधी शोधा. ऑफिसातला जपानी सहकारी, मुलाच्या शाळेतलं एखादं कुटुंब, कुणीही चालेल, पण त्यांनी तोंडाने हो म्हटलेलं असावं.

२. कागद आणि परवानगी

हा भाग छोटा आहे, पण लोक तो नेमका गाळतात.

- घरभाड्याचा करार काढा. त्यात ‘पेट्टो फुका’ लिहिलं असेल तर पाळीव प्राण्यांना मनाई आहे. ‘पेट्टो सोदान’ असेल तर विचारून चालतं. मासे-कासवं यांना पुष्कळ घरमालक काही म्हणत नाहीत, तरी एजंटला मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. त्यांना प्राण्यापेक्षा पाण्याची भीती जास्त असते, म्हणून टाकी किती लिटरची आहे हेही लिहा.
- घराचा विमा घेतलेलाच असतो. टाकी फुटून खालच्या मजल्यावर पाणी गेलं तर तो लागू होतो का, हे पाहून ठेवा.
- खरेदीची पावती ठेवा आणि प्राणी पैदास केलेला आहे की रानातून पकडलेला, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.
- गावाकडे फिरायला गेल्यावर पाटात इमोरी दिसतील. ते उचलू नका. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या यादीत ही जात ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे, आणि पकडण्याचे नियम ठिकाणानुसार बदलतात.

३. सामान

- टाकी: दोन-तीन इमोरींसाठी ६० × ३० × ३६ सेंटीमीटरची. जपानमध्ये हे ठरलेलं माप आहे. ते इतकं खपतं की अनेकदा ४५ सेंटीमीटरच्या टाकीपेक्षा स्वस्त पडतं. जागाच नसेल तर ४५ ची चालेल, पण मग दोनच प्राणी.
- झाकण: याबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर.
- स्पंज फिल्टर किंवा तळाशी ठेवायचा डबीसारखा फिल्टर, आणि एअर पंप: ‘सुइसाकू एइट’ सगळीकडे मिळतो आणि पुरेसा आहे. काठाला टांगायचे फिल्टर जोराचा प्रवाह सोडतात. इमोरी संथ पाण्यातला प्राणी आहे, वाहत्या पाण्यात तो दमतो.
- थर्मामीटर: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू.
- कारुकी-नुकी: नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मारणारं औषध.
- पाणी तपासायच्या पट्ट्या: सहा चाचण्यांची पट्टी घेतलीत तर तिच्यात अमोनिया नसतो, हे ध्यानात ठेवा. त्याची चाचणी वेगळी घ्यावी लागते.
- तरंगतं बेट: कासवांच्या विभागात ‘उकिशिमा’ म्हणून मिळतं. सालीचा तरंगता तुकडाही चालतो.
- पाणवनस्पती: अनाकारिस, मात्सुमो किंवा विलो मॉस. तिन्ही कमी उजेडात आणि थंड पाण्यात तगतात.
- लपायला जागा: मातीची छोटी कुंडी आडवी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा.
- हिटर: नको. दुकानदार आग्रह करेल, तरी नको.

शंभर येनच्या दुकानातून लांब चिमटा, मोठा ड्रॉपर, कुंडीच्या तळाशी घालायची प्लास्टिकची जाळी, कागदाचे क्लिप आणि एक बादली आणा. बादलीवर मार्करने ‘टाकी’ लिहा. साबणाचा हात लागलेली बादली या कामाला कधीच वापरू नका. इमोरी कातडीतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं.

४. जागा

साठच्या टाकीत काठोकाठ पाणी भरलं तर ते साठ लिटरच्या आसपास होतं. काच आणि स्टँड धरून वजन ऐंशी किलोच्या घरात जातं. आपण पाणी वीस-पंचवीस सेंटीमीटरच ठेवणार आहोत, तरी पुस्तकांचं हलकं कपाट त्याला चालत नाही. टाकीचा स्टँड घ्या, किंवा भक्कम आणि बुटका टेबल घ्या.

बुटका म्हणायचं कारण भूकंप. स्टँडच्या पायाखाली धक्के शोषणाऱ्या जेलच्या चकत्या लावा, त्या होमसेंटरातच मिळतात. झोपायच्या जागेच्या डोक्याशी टाकी नको. विजेचा एक्स्टेंशन बोर्ड टाकीच्या खाली जमिनीवर नको, बाजूला उंचावर असावा. पंपाची वायर आधी खाली झुकून मग वर बोर्डाकडे गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालीच टपकतं. तातामीच्या, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या खोलीत टाकी ठेवू नका. त्सुयुच्या पावसाळी दिवसांत तातामीला आधीच बुरशी येते, त्यात ही भर नको.

ऊन थेट येणारी खिडकी टाळा. उत्तरेकडची भिंत उत्तम. जमिनीलगत हवा थोडी थंड असते, तेही सोयीचं.

एक खास आपल्या घरांसाठी सांगतो. टाकी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ आणि देवघराजवळ नको. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. फोडणीचा धूर, उदबत्ती, कापूर, सगळं त्यातून आत जातं. डासांची अगरबत्ती, प्लगमध्ये लावायचं लिक्विड आणि झुरळांसाठी घरभर धूर सोडायचा डबा यांच्या बाबतीत तर सवलत नाहीच. त्यांतली पायरेथ्रॉइड औषधं मासे आणि उभयचरांसाठी विषारी असतात. झुरळांचा डबा लावायची वेळ आलीच, तर टाकी आधी दुसऱ्या घरी.

५. टाकी मांडणं आणि झाकण

तळाशी काय घालायचं? सुरुवातीला काहीच नको. मोकळी काच कुरूप दिसते, पण उरलेलं अन्न लगेच नजरेला पडतं. चार-सहा महिन्यांनी हौस म्हणून अगदी बारीक वाळू घाला, किंवा इमोरीच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे. मधल्या मापाची खडी नको. इमोरी खाण्यावर झडप घालताना समोरचं सगळं तोंडात घेतो, खडा गिळला तर तो आतड्यात अडकतो.

वनस्पती विकत आणल्यावर बादलीत काही दिवस ठेवून पाणी बदलत राहा. त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. ‘मुनोयाकु’ म्हणजे बिनफवारणीचं असं लिहिलेलं पाकीट मिळालं तर तेच घ्या. बेट मध्यभागी तरंगू द्या, काठाला टेकवू नका, नाहीतर पळून जायला आयती पायरी होते.

आता झाकण. ओल्या पोटाचा इमोरी उभी काच सहज चढतो. ‘पाण्याची पातळी खाली ठेवली की पुरे’ हा सल्ला चुकीचा आहे. सेटमध्ये येणाऱ्या काचेच्या झाकणाला कोपऱ्यात फिल्टरच्या नळीसाठी खाच असते, ती खाच म्हणजे त्याचं दार. डोकं शिरलं की बाकीचं अंगही शिरतं. बाहेर पडलेला इमोरी हीटरच्या किंवा एसीच्या कोरड्या हवेत काही तासांत सुकतो आणि आठवड्याने सोफ्याखाली सापडतो.

म्हणून काचेच्या झाकणाऐवजी जाळी वापरा. कुंडीच्या तळाची प्लास्टिक जाळी टाकीच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मोठी कापा, कडा खाली दुमडा आणि चारही बाजूंनी क्लिप लावा. नळीसाठी नळीच्याच जाडीचं भोक पाडा, त्यात बोट शिरता कामा नये. जाळीचा दुसरा फायदा उन्हाळ्यात कळेल.

६. पाणी तयार करणं, आणि मगच इमोरी

जपानी नळाच्या पाण्यात क्लोरिन असतंच. नळापाशी लिटरमागे किमान ०.१ मिलिग्रॅम राहिलं पाहिजे असा कायदाच आहे. पिण्याला उत्तम, इमोरीला त्रासदायक. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कारुकी-नुकी घाला. बादली दिवसभर उन्हात ठेवली तरी क्लोरिन उडतं, पण घाईच्या सकाळी कोणी थांबत नाही, म्हणून औषधच जवळ ठेवा.

क्लोरिन गेलं म्हणजे पाणी तयार झालं, असं मात्र नाही. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजवर काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलताना निघून जातं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तही.

करायचं इतकंच: रिकामी टाकी, पाणी, वनस्पती, फिल्टर चालू. एक दिवसाआड माशांच्या खाण्याची चिमूट टाका, ती कुजून अमोनिया तयार होतो. आठवड्यातून दोनदा पाणी तपासा. आधी अमोनिया वाढेल, मग नायट्राइट. हळूहळू दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसू लागेल. त्यानंतर अर्धं पाणी बदला. आता टाकी राहण्याजोगी झाली. बाटलीतले जिवाणू विकतात, ते घातले तर हरकत नाही, पण बाटली ओतून दुसऱ्या दिवशी प्राणी आणायचा हे मला पटत नाही. पट्टी काय सांगते त्यावर विश्वास ठेवा.

मुलाने हट्ट करून प्राणी आधीच आणला असेल तर? होतं असं. मग त्याला घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. दहा सेंटीमीटर पाणी, एक वनस्पती, बसायला एक दगड. रोज बहुतेक सगळं पाणी क्लोरिन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने बदला. कंटाळवाणं काम आहे, पण सुरक्षित आहे. मोठी टाकी शेजारी तयार होऊ द्या.

दुकानात निवडताना पोट भरलेलं, कातडी अखंड, डोळे स्वच्छ आणि बोटं शाबूत असलेला प्राणी बघा. कमरेची हाडं वर आलेली असतील तर तो बरेच दिवस उपाशी आहे. पाण्यात शांत बसलेला प्राणी चांगला. जो सतत कोरड्यावर, कोपऱ्यात अंग चोरून बसलाय, तो एकतर नुकताच रानातून आलाय किंवा आजारी आहे. दुकानातले बहुसंख्य इमोरी रानातून पकडलेले असतात. पैदास केलेला, म्हणजे पाटीवर ‘सीबी’ लिहिलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. नर ओळखायचा असेल तर शेपटीच्या बुडाशी फुगवटा बघा. माद्यांची शेपटी लांब असते. विणीच्या काळात नराच्या शेपटीवर निळसर-जांभळी झाक येते.

जोडी घेतली तर वसंतात मादी पानं दुमडून त्यांत एकेक अंडं घालेल. हौशीने पिल्लं वाढवायला घेऊ नका. त्यांना जिवंत बारीक खाणं लागतं, आणि पाण्याबाहेर आल्यावर ती दोन-तीन वर्षं जमिनीवर राहतात. तो वेगळा संसार आहे.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस तो बेटावरच बसून राहील. त्याला ढकलू नका. मासे, कोळंबी, दुसऱ्या जातीचे न्यूट, काहीही सोबत ठेवू नका. इमोरीच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगू माशात असतं तेच विष. हात लावल्याने काही होत नाही, पण नंतर साबणाने हात धुवायचे, आणि त्याआधी डोळे चोळायचे नाहीत. घरात लहान मूल असेल तर ‘बघायचं, धरायचं नाही’ हा नियम पहिल्या दिवसापासून.

७. खाणं

मोठ्या इमोरीला आठवड्यातून दोन-तीनदा खायला पुरतं. रोज घातलं तर तो रोज खाईल आणि फुगेल. गोठवलेली अकामुशी, म्हणजे ब्लडवर्म, हे सगळ्यांना आवडणारं खाणं. वडीचा तुकडा टाकीच्या पाण्यात वितळवून चिमट्याने नाकासमोर हलवा. त्याची नजर बेताची असते, वासाने आणि हालचालीने त्याला कळतं. रुळला की पाण्यातल्या कासवांच्या गोळ्या किंवा इमोरीसाठीचं तयार खाणं खाऊ लागतो. मग अकामुशी अधूनमधून.

घर शाकाहारी असेल तर फ्रीझरचा प्रश्न आधीच सोडवा. साताऱ्याहून सासूबाई येतात, मटारांशेजारी किड्यांची लाल वडी बघतात आणि पुढचे तीन महिने जड जातात. घट्ट झाकणाचा, आतलं न दिसणारा डबा, त्याच्यावर नाव, आणि सगळ्यांना पूर्वकल्पना. तेही नको असेल तर गोळ्या खाणारा प्राणी दाखवा असं दुकानात सांगा, ते समोर खायला घालून दाखवतात.

अर्ध्या तासात उरलेलं ड्रॉपरने उचला. पाणी नासतं ते बहुधा या उरल्यासुरल्यानेच.

८. आठवड्याचं काम

एक तृतीयांश पाणी नळीने खेचून काढा आणि क्लोरिन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी भरा. स्पंज महिन्यातून एकदा पिळा, पण टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतलात तर सहा आठवड्यांत बसवलेले जिवाणू एका मिनिटात जातील. काढलेलं पाणी घरातल्या नाल्यात किंवा संडासात ओता. बाहेरच्या गटारात किंवा बागेत नको, त्यातून रोग ओढ्यांत जाऊ शकतात.

कधी पाण्यात पांढुरका, हातमोज्यासारखा पापुद्रा तरंगताना दिसेल. इमोरीने कात टाकली आहे. तो ती खाऊनही टाकतो, घाबरू नका.

९. उन्हाळा

आतापर्यंत जे केलंत त्याची परीक्षा जुलैत होते. इमोरीला १५ ते २२ अंश आवडतात. २५ पर्यंत तो कुरकुरत नाही. २८ च्या वर गेलं की खाणं सुटतं, बुरशी लागते आणि प्राणी जाऊ शकतो. टोकियोच्या बंद फ्लॅटमध्ये ऑगस्टच्या दुपारी खोलीच पस्तिशी ओलांडते, आणि टाकी तिच्या मागोमाग जाते. आपण नागपूर-सोलापूरच्या उन्हाळ्यातून आलेले, पस्तीस म्हणजे आपल्याला काहीच नाही. म्हणूनच आपल्या अंगावरून इमोरीचा अंदाज बांधू नका, थर्मामीटर बघा.

काय काय करता येतं:

*पंखा.* टाकीच्या काठाला लावायचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडतो, बाष्पीभवन होतं आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. जाळीच्या झाकणाचा फायदा तो हाच, काचेचं झाकण असेल तर पंख्याचा उपयोग शून्य. पाणी रोज उडत जातं, ते क्लोरिन काढलेल्या पाण्याने भरत राहा. त्सुयुत हवा दमट असते तेव्हा पंखा फारसं काम करत नाही.

*एसी.* खोली चोवीस तास २५-२६ अंशांवर ठेवणं हा एकमेव खात्रीचा उपाय. बिल येतं. इमोरी घेण्याआधी ते बिल परवडेल का हे बघा, कारण हा खर्च टाकीच्या किमतीपेक्षा मोठा आहे आणि दरवर्षीचा आहे. एसी आणि पंखा मिळून पाणी चोवीसच्या आत राहतं.

*थंड करायचं यंत्र.* चालतं, पण महाग, आणि ते स्वतः खोलीत गरम हवा सोडतं. दोन इमोरींसाठी मला ते अवाजवी वाटतं.

*बर्फाची बाटली.* फक्त वीज गेल्यावर. गोठवलेली छोटी पाण्याची बाटली बंदच टाकीत सोडा. तापमान भराभर खाली-वर होणं हाही त्रासच असतो, म्हणून रोजची सवय नको.

पाण्याची पातळी उन्हाळ्यात कमी करू नका. जास्त पाणी हळू तापतं. खाणं कमी करा, पाणी जास्त वेळा बदला. हिवाळ्यात काही विशेष करायचं नसतं. घरात दहा-बारा अंश झाले तरी चालतं, तो मंदावतो आणि कमी खातो. टाकी फक्त हीटरच्या गरम झोतापासून दूर असावी.

१०. आजारी पडला तर

कापसासारखी पांढरी बुरशी, अंगावर जखम, पोट एकदम फुगणं, दोन आठवडे खाण्याला तोंड न लावणं, ही लक्षणं दिसली तर तो प्राणी वेगळ्या डब्यात, थंड स्वच्छ पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, आणि डॉक्टर गाठा. माशांची औषधं अंदाजाने ओतू नका. कातडीतून ती जास्तच शोषली जातात.

डॉक्टर आधीच शोधून ठेवायला हवा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण ‘एकिझोचिक्कु’ लिहिलेल्या दवाखान्यांतही अनेक जण सशापर्यंतच थांबतात. फोनवर सरळ विचारा: “इमोरी मो मिते मोराएमास का?” म्हणजे इमोरीही तपासता का. हो म्हणाले तर पत्ता फोनमध्ये ठेवा.

पायाचं बोट तुटलेलं दिसलं तर मात्र घायकुतीला येऊ नका. खाताना ते एकमेकांना चावतात, पाणी स्वच्छ असेल तर बोट परत येतं. वारंवार होत असेल तर टाकीत गर्दी झाली आहे, किंवा एकाच कोपऱ्यात खायला घालताय.

११. भारतात जाताना, आणि कायमचं जाताना

डिसेंबरात दोन आठवडे घरी जायचं असेल तर अडचण नाही. थंड पाण्यात धडधाकट, मोठा इमोरी तेवढे दिवस उपाशी राहतो. जायच्या तीन दिवस आधी शेवटचं खाणं, आदल्या दिवशी पाणी बदलायचं, क्लिप पुन्हा तपासायच्या. सुट्टीत हळूहळू विरघळणाऱ्या खाण्याच्या वड्या मिळतात, त्या टाकू नका, पाणी खराब करतात.

जुलै-ऑगस्टात शाळेच्या सुट्टीला धरून महिनाभर जात असाल तर गोष्ट वेगळी. एसी चालू ठेवून रिकामं घर सोडणं म्हणजे एका बिघाडावर सगळा भरवसा ठेवणं. अशा वेळी प्राणी डब्यात घालून सांभाळणाऱ्याच्या घरी पोचवा. शेजाऱ्याला चावी देऊन ‘रोज थोडं घाला’ सांगू नका, तो प्रेमाने खूप घालेल. कागदाच्या पुड्यांत एकेका दिवसाचं खाणं बांधा, तारखा लिहा, आणि खाली जपानीत लिहून द्या: २६ अंशांच्या वर गेलं तर मला मेसेज करा.

कायमचं परतायचं ठरलं की पहिल्या पायरीत ज्यांच्याशी बोललात त्यांना दोन महिने आधी कळवा. टाकी, चालू फिल्टर आणि सगळं सामान प्राण्यासोबतच द्या. फिल्टर वाटेत ओला ठेवा, सुकला तर जिवाणू मरतात. ते कुटुंब ऐनवेळी मागे सरलं, तर ज्या दुकानातून घेतलात तिथे विचारा, किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एखाद्या दुकानात, काही जण परत घेतात. जवळच्या बागेतल्या तळ्यात किंवा भाताच्या पाटात मात्र सोडायचा नाही, तळं कितीही इमोरीच्या राहण्याजोगं दिसलं तरी. इमोरींची वस्ती प्रदेशागणिक वेगळी असते, पोटावरची नक्षीसुद्धा बदलते. क्यूशूचा प्राणी कांतोच्या, म्हणजे टोकियोच्या आसपासच्या ओढ्यात सोडला तर तिथल्या मूळ वस्तीत भेसळ होते, आणि टाकीतला रोग तिच्यात जातो तो वेगळाच.